वीज, फोन आणि भरवसा : फुलसावंगी परिसराचा इतिहास

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण कडेने पैनगंगा वाहते आणि बऱ्याच अंतरापर्यंत तीच विदर्भ व मराठवाडा यांच्यातील सीमा ठरते. नदीच्या अलीकडे, महागाव तालुक्यात असलेले फुलसावंगी हे कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातील एक मोठे गाव आहे. अशा गावांची नोंद विजेच्या आणि दूरध्वनीच्या इतिहासात येते ती बहुधा एका ओळीची असते: अमुक साली वीज पोहोचली, अमुक साली फोन लागला. सरकारी अहवालांचा सगळा हिशेब या पोहोचण्याचा आहे. पोहोचलेली वीज दिवसातून किती तास टिकली, वादळानंतर किती वेळाने परतली आणि रात्री दोन वाजता साप चावलेल्या माणसासाठी केलेला फोन लागला की नाही, या भरवशाच्या प्रश्नांना त्या हिशेबात फार उशिरा आणि फार अपुरी जागा मिळाली. भरवशाचा हा इतिहास पाहू जाता एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. एके काळी एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र असलेल्या या दोन सेवा गेल्या तीस-चाळीस वर्षांत एकाच तारेला बांधल्या गेल्या, पण त्यांची जबाबदारी, त्यांचे मोजमाप आणि त्यांचे नियम अजूनही वेगवेगळ्या दफ्तरांत आहेत.

आजचे महागाव आणि उमरखेड हे दोन्ही तालुके ब्रिटिश काळात पुसद तालुक्यात मोडत. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या वऱ्हाड प्रांताचा हा दक्षिणेकडील शेवटचा भाग. नदी ओलांडली की निजामाचे राज्य सुरू होई आणि त्या राज्याचे टपाल खातेही निराळे होते. १९०५ मध्ये वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले, त्याच फेरबदलात पुसद तालुका वाशीमकडून यवतमाळकडे आला. तारायंत्राचा प्रसार त्या काळी मोठ्या प्रमाणावर रेल्वेच्या मार्गाने होत असे, कारण एकेरी मार्गावर गाड्या सोडण्यासाठी स्थानकांना एकमेकांशी बोलावेच लागे. मूर्तिजापूरहून निघालेली अरुंदमापी रेल्वे, जिला वऱ्हाडात ‘शकुंतला’ म्हणतात, ती यवतमाळपर्यंत आली. पुसदकडच्या भागाला मात्र रेल्वे मिळाली नाही आणि रेल्वेसोबत येणारी तारही मिळाली नाही. गावात खून पडला, आग लागली किंवा पटकीची साथ आली, तर ती बातमी पाटलाने कोतवालाकरवी ठाण्यावर पोहोचवायची, ही या भागाची संकटकालीन दळणवळणव्यवस्था होती. तिचा वेग माणसाच्या पायांइतका आणि पावसाळ्यात नाल्याच्या पुरावर अवलंबून. परंतु ती कोणाची जबाबदारी आहे, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असे. स्वातंत्र्यानंतर महसुली पाटीलकी रद्द झाली, तरी १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाकडे खबर देण्याचे हे कर्तव्य कायम ठेवले, यावरून त्या जबाबदारीचे महत्त्व कळून येते.

या ठिकाणी कायद्याचीही एक बाजू लक्षात घेण्याजोगी आहे. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमात ‘सार्वजनिक आणीबाणी’चा उल्लेख होता, पण तो होता सरकारने तारयंत्रणा ताब्यात घेण्याच्या किंवा संदेश अडवण्याच्या अधिकारासंबंधी. ज्या संकटात नागरिकाला तारेची गरज पडते, त्या संकटाचा विचार त्या कलमात नव्हता. तारेवर पहिला हक्क राज्यकर्त्याचा आणि मग व्यापाऱ्याचा, ही त्या काळाची दृष्टी होती. अडचणीत सापडलेल्या सामान्य माणसाने कोणता क्रमांक फिरवावा, हा प्रश्न जगातच उशिरा उपस्थित झाला. लंडनमध्ये १९३५ साली एका आगीच्या वेळी दूरध्वनी केंद्राकडून वेळेवर प्रतिसाद न मिळाल्याची तक्रार झाली आणि त्यातून ३० जून १९३७ रोजी ९९९ ही जगातील पहिली समान संकटकालीन क्रमांकाची सेवा सुरू झाली. भारतात पोलिसांसाठी १०० आणि अग्निशमनासाठी १०१ हे क्रमांक रूढ झाले, पण ते खऱ्या अर्थाने शहरांचे होते. ज्या गावात फोनच नाही, तिथे क्रमांक असून उपयोग नव्हता.

मुंबईत दूरध्वनी केंद्र सुरू झाले ते जानेवारी १८८२ मध्ये. तेथून तालुक्याच्या गावापर्यंत ही सेवा पोहोचायला अनेक दशके लागली, आणि जी पोहोचली ती हाताने चालणाऱ्या केंद्रांच्या रूपाने. या पद्धतीत ग्राहकाच्या यंत्रालाच एक दांडी असे. ती फिरवली की यंत्रातील छोट्या जनित्रातून प्रवाह निघे, केंद्रातील फलकावर त्या ग्राहकाच्या क्रमांकाची झडप खाली पडे, ऑपरेटर दोरीची खुंटी त्या छिद्रात घालून ‘नंबर?’ असे विचारी आणि मग दुसरी खुंटी हव्या त्या क्रमांकात खोवून दोघांना जोडून देई. बोलण्यासाठी लागणारी वीज ग्राहकाच्या घरातील यंत्रातच ठेवलेल्या कोरड्या घटांतून, म्हणजे बॅटरीच्या मोठ्या सेलमधून मिळे. बाहेरगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसावे लागे. ‘अर्जंट’ आणि ‘लाइटनिंग’ या वरच्या श्रेणींना पैसे अधिक पडत, म्हणजे घाई ही विकत घ्यायची वस्तू होती. खेड्यांत टपाल कचेरीत असलेल्या सार्वजनिक फोनची वेळ तर कचेरीच्या वेळेइतकीच असे. रात्रीच्या संकटाला तो फोन उपयोगी पडत नसे. त्यातील दोष यंत्राचा नव्हता. कुलूप दाराला होते.

पुढे ‘मध्यवर्ती बॅटरी’ची पद्धत आली आणि तिच्याबरोबर दूरध्वनीच्या भरवशाचा पायाच बदलला. या पद्धतीत ग्राहकाच्या घरी बॅटरी नसते. केंद्रात ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांचा संच असतो आणि त्यातून निघालेला एकदिश प्रवाह तांब्याच्या त्याच दोन तारांवरून घरच्या यंत्रापर्यंत येतो, ज्यांवरून आवाज जातो. केंद्रातील बॅटऱ्या वीजपुरवठ्यावर भारित होत राहतात आणि पुरवठा खंडित झाला की काही तास स्वतः भार उचलतात. मोठ्या केंद्रांत त्यामागे डिझेल जनित्रही असते. म्हणून संपूर्ण गाव अंधारात असताना काळ्या बेकेलाइटच्या यंत्राचा चोंगा उचलला तर कानाशी तो ओळखीचा सूर ऐकू येत असे. ही सोय योगायोगाची नव्हती. दूरध्वनी चालवणाऱ्यांनी विजेवर विश्वास न ठेवता आपली वीज आपल्याजवळ ठेवण्याचा निर्णय जाणीवपूर्वक घेतला होता, आणि त्या निर्णयाचे मोल तो मोडला गेल्यानंतरच कळले.

विजेचा मार्ग निराळा होता. स्वातंत्र्यापूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडात वीज होती ती काही शहरांपुरती, आणि ती परवानाधारक खासगी कंपन्या पुरवत. नागपुरातील इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी त्यांतली प्रमुख. १९४८ च्या वीजपुरवठा अधिनियमाने प्रत्येक राज्यात वीज मंडळ स्थापण्याची तरतूद केली आणि त्यानुसार १९५० मध्ये तत्कालीन मध्य प्रदेशाचे मंडळ अस्तित्वात आले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि महाराष्ट्राच्या निर्मितीपाठोपाठ २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. म्हणजे दहा वर्षांत यवतमाळची वीज तीन राज्यांच्या कारभारातून गेली. अकोला जिल्ह्यातील पारस येथे ३० मेगावॉटचा पहिला संच १९६१ मध्ये सुरू झाला आणि पुढे कोराडी व चंद्रपूर येथील केंद्रांमुळे विदर्भ हा राज्याला वीज देणारा प्रदेश बनला. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री होते. धान्याच्या स्वयंपूर्णतेचा आग्रह धरणाऱ्या त्या राजवटीत आणि विशेषतः १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरीवरचा विजेचा पंप हा ग्रामीण विद्युतीकरणाचा केंद्रबिंदू झाला. त्यासाठी कर्ज देणारे ग्रामीण विद्युतीकरण निगम केंद्राने १९६९ मध्ये स्थापले होते. खेड्यात वीज आली ती घराच्या दिव्यापेक्षा शेताच्या मोटारीसाठी अधिक, आणि पुढच्या अनेक अडचणींचे मूळ या क्रमात आहे.

‘विद्युतीकरण झालेले गाव’ ही संज्ञा त्या काळात फारच सैल होती. गावाच्या महसुली हद्दीत कोठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असेल, तर ते गाव विद्युतीकरण झालेले धरले जाई. एका शेतातला एक पंपही त्यासाठी पुरे होता. १९९७ मध्ये ही वीज वस्तीत वापरली गेली पाहिजे अशी सुधारणा झाली, आणि २००४ मध्ये किमान १० टक्के घरांना जोडणी व शाळा, पंचायत, आरोग्य केंद्र यांसारख्या सार्वजनिक ठिकाणी वीज असण्याची अट आली. या तिन्ही व्याख्यांत तासांचा उल्लेख नाही. वीज असण्याची व्याख्या दोनदा बदलली. वीज टिकण्याची व्याख्या एकदाही झाली नाही.

पुरवठा नेमका कोठे तुटतो, हे समजल्याशिवाय भरवशाची चर्चा अधांतरी राहते, म्हणून पुरवठ्याची साखळी जवळून पाहणे आवश्यक आहे. ३३ हजार व्होल्टने आलेली वीज उपकेंद्रात ११ हजार व्होल्टवर उतरते आणि तेथून अनेक गावांना जाणाऱ्या वाहिन्या, म्हणजे फीडर, निघतात. वाहिनीवर ठिकठिकाणी रोहित्रे असतात. रोहित्र आणि त्याखालची फ्यूजपेटी यांना मिळून गावात ‘डीपी’ म्हणतात आणि तेथून घरांना २३० व मोटारींना ४४० व्होल्टची वीज मिळते. ही तार खांबावर चिनी मातीच्या चिमणीवर, म्हणजे इन्सुलेटरवर बसवलेली असते, जेणेकरून प्रवाह लोखंडी खांबात उतरू नये. यवतमाळच्या उन्हाळ्यात या चिमण्या दोन-अडीच महिने तापतात, त्यांवर धूळ बसते, आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की तापलेल्या मातीला थंड पाण्याने बारीक तडा जातो. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या तड्यातून प्रवाह खांबात उतरतो, उपकेंद्रातील यंत्रणा धोका ओळखून सारी वाहिनी बंद करते, आणि कित्येक किलोमीटरच्या तारेवर, चिखलातून आणि उभ्या पिकातून, अंधारात लाइनमनला खांबामागून खांब तपासत जावे लागते. पहिल्या पावसात लाइन का जाते, या नेहमीच्या प्रश्नाचे हे तांत्रिक उत्तर आहे. तो दर वर्षी घडणारा प्रकार असल्याने त्याची पूर्वतयारीही दर वर्षी करता येण्याजोगी आहे.

डीपीची कथा निराळी आहे. शेतपंपांना बसवलेले ‘ऑटो स्विच’ वीज येताच पंप आपोआप सुरू करतात, जेणेकरून शेतकऱ्याला मध्यरात्री विहिरीवर जावे लागू नये. परंतु मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, आणि खंडित पुरवठा परतताच एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की रोहित्रावर त्याच्या क्षमतेपलीकडचा भार येऊन ते जळते. पुरवठ्याच्या अनियमिततेवर शेतकऱ्याने शोधलेला उपाय पुरवठा आणखी अनियमित करतो, आणि त्यासाठी शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे आहे, कारण शेतीला रात्री वीज देण्याची पाळी त्याने मागितलेली नव्हती.

ही पाळी आली ती तुटवड्यातून. दाभोळचा वीज प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, मागणी वाढत राहिली, आणि २००७-०८ च्या सुमारास राज्यातील तूट ४,००० ते ५,००० मेगावॉटपर्यंत गेली. याच दरम्यान २००३ च्या विद्युत अधिनियमानुसार ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले होते. तूट वाटून देण्यासाठी भारनियमन, म्हणजे ठरवून केलेली वीजकपात, लागू झाली आणि ज्या भागात गळती व थकबाकी अधिक, त्याला अधिक तास अंधार, असे गट पाडण्यात आले. हिशेबाच्या दृष्टीने ही रीत समजण्यासारखी होती, परंतु तिच्यामुळे नियमित बिल भरणारे कुटुंबही शेजाऱ्याच्या थकबाकीची शिक्षा अंधाराच्या रूपाने भोगत राहिले. ‘अक्षय प्रकाश’ योजनेत गावांनी संध्याकाळच्या वेळी पंप बंद ठेवण्याचे आणि तारेवर टाकलेले चोरीचे आकडे काढण्याचे मान्य केले, तर त्यांना घरगुती दिव्यांसाठी वीज मिळे. लोकांच्या आपसांतील शिस्तीवर उभी असलेली ही योजना या सगळ्या काळातील सर्वांत शहाणी कल्पना म्हणावी लागेल. त्यानंतर गावठाणाच्या वाहिन्या शेतीच्या वाहिन्यांपासून वेगळ्या करण्याचे काम झाले. शेतीच्या वाहिनीवर तीन फेजची वीज आळीपाळीने दिवसा ८ किंवा रात्री १० तास देण्याची पद्धत रूढ झाली, आणि २०१२ च्या सुमारास जास्त गळतीच्या वाहिन्या वगळता राज्य भारनियमनमुक्त झाल्याचे सांगण्यात आले, तरी शेतीची ही पाळी चालूच राहिली.

रात्रीच्या ओलिताचा संकटकालीन सेवेशी थेट संबंध आहे. हरभऱ्याला किंवा उसाला पाणी देण्यासाठी मध्यरात्री बांधावर गेलेल्या माणसाला साप चावतो, ओल्या हाताने स्टार्टरला स्पर्श होऊन झटका बसतो, विहिरीत पाय घसरतो. संकटाची वेळ विजेच्या वेळापत्रकाने ठरते, आणि त्या वेळी मदतीचा एकमेव मार्ग खिशातला फोन हाच असतो. हा फोन खिशात कसा आला, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने भारतीय खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे छोटे स्वयंचलित केंद्र तयार केले, आणि ते १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे प्रथम बसवले गेले. वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात चालेल असे यंत्र बनवायचे, हा त्यामागचा हेतू होता. खेड्याच्या परिस्थितीला यंत्राने जुळवून घ्यावे, असे मानणारी ती दुर्मीळ योजना होती. या केंद्रांमुळे तालुका आणि मोठ्या गावांत ऑपरेटरची गरज संपली, रात्रीही फोन लागू लागला, आणि पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ उभे राहिले. त्याहून लहान गावांसाठी, तारा ओढणे परवडत नाही म्हणून, एकाच रेडिओ यंत्रणेवर अनेक गावांना फोन देण्याची पद्धत नव्वदच्या दशकात आली. तिच्या प्रचलित प्रकारात १५ गावांच्या फोनसाठी अवघे २ मार्ग असत. तीन गावांना एकाच वेळी बोलायचे झाले तर तिसऱ्याने थांबायचे. त्या यंत्राला सौरपट्टी आणि बॅटरी होती, परंतु देखभालीअभावी ही यंत्रे मोठ्या संख्येने मुकी झाली आणि २००० नंतर ती बदलावी लागली. सरकारी यादीत मात्र त्या गावांना ‘सार्वजनिक दूरध्वनीयुक्त’ असेच म्हटले जात होते. विजेच्या व्याख्येत जे घडले होते, त्याचीच ही पुनरावृत्ती.

भ्रमणध्वनीने हे चित्र काही वर्षांत पालटले आणि त्याचा लाभ खेड्याला शहरापेक्षा अधिक झाला, यात शंका नाही. मात्र या बदलात विजेशी असलेले नाते उलटे झाले. जुन्या फोनची वीज केंद्रातून येत होती. नव्या फोनची वीज वापरणाऱ्याच्या घरातून येते, आणि शिवाय गावालगतच्या टॉवरलाही ती लागते. टॉवरवरील यंत्रणा आजही त्याच ४८ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालते, परंतु तिच्या बॅटऱ्या आता माणसे असलेल्या केंद्राऐवजी उघड्यावरच्या कुंपणात असतात. वारंवार पूर्ण रित्या होऊन त्या लवकर खराब होतात, चोरीला जातात, आणि जनित्राचे डिझेल संपले की टॉवर गप्प होतो. २०१२ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण टॉवरपैकी निम्मे २०१५ पर्यंत सौर व तत्सम मिश्र ऊर्जेवर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते कर्बवायू कमी करण्यासाठी होते, पण खेड्याच्या दृष्टीने त्याचे खरे महत्त्व अखंडतेत होते. खुंटीवर टांगलेले दोन फोन आणि त्यांवर तीन कंपन्यांची सिमकार्डे, हे ग्रामीण घरातील दृश्य हौसेचे नसून एका टॉवरवर विसंबता येत नाही या अनुभवाचे आहे.

अशा पायावर महाराष्ट्राची संकटकालीन सेवा उभी आहे. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा जानेवारी २०१४ मध्ये ९३७ वाहनांसह सुरू झाली. त्यांपैकी २३३ रुग्णवाहिका प्रगत जीवरक्षक सोयींच्या, तर उरलेल्या प्राथमिक सोयींच्या होत्या, आणि प्रत्येकीत डॉक्टर असेल अशी या सेवेची रचना होती. हा फोन पुण्यातील केंद्रात घेतला जातो. पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदतीसाठी ११२ हा एकच क्रमांक राज्यात २०२१ मध्ये सुरू झाला, आणि त्याची केंद्रे नवी मुंबई व नागपूर येथे आहेत. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी साध्या फोनवर ५ किंवा ९ ची कळ दाबून धरल्यास संकटकालीन क्रमांक लागावा, अशी सक्ती केली. या सेवांनी असंख्य जीव वाचवले आहेत आणि त्यांची गरज यवतमाळने कठोर प्रसंगांतून ओळखली आहे: २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात न्यावे लागले. विषबाधेत आणि सर्पदंशात पहिला तास निर्णायक असतो. त्या तासातील पहिली काही मिनिटे फोन लागण्यात जातात, आणि मग दूरच्या शहरात बसलेल्या माणसाला ठिकाण समजावण्यात. विदर्भात सावंगी नावाची गावे अनेक आहेत, वर्ध्याजवळच्या सावंगीचे रुग्णालय तर प्रसिद्धच आहे, त्यामुळे फुलसावंगीहून बोलणाऱ्याने पूर्ण नाव, महागाव तालुका आणि यवतमाळ जिल्हा हे सर्व आधी सांगणे हिताचे ठरते.

जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्याने याहून मोठे संकट पाहिले. २२ तारखेच्या अतिवृष्टीत आनंदनगर तांड्यात ४५ जण पुराच्या पाण्याने वेढले गेले, त्यांच्यासाठी नागपूरहून हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांची मागणी करावी लागली आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाने लोकांची सुटका केली. पुराच्या वेळी वीजवाहिन्या सुरक्षिततेसाठी बंद कराव्याच लागतात, कारण पाण्यात पडलेली जिवंत तार पुराइतकीच घातक असते. म्हणजे संकट जितके मोठे, तितकी वीज जाण्याची खात्री अधिक. आणि नेमक्या त्याच तासांत टॉवरच्या बॅटरीची व हातातल्या फोनच्या चार्जिंगची कसोटी लागते. नियोजनात हा संबंध गृहीत धरलेला असायला हवा.

नियम काय म्हणतात, हे आता पाहता येईल. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २००५ च्या कृती-मानकांनुसार रोहित्र जळाल्यास शहरी भागात २४ तासांत, तर ग्रामीण भागात ४८ तासांत पुरवठा पूर्ववत व्हावा, आणि उशीर झाल्यास ग्राहकाला तासाला ५० रुपये भरपाई मिळावी, अशी तरतूद झाली. खेड्यातली अंतरे मोठी असतात, हे खरे. पण ज्या गावाला रुग्णालय दूर आहे, त्याच गावाची वीज, आणि तिच्यावर चालणारा फोन, दुप्पट काळ बंद राहू शकतो, असाही त्या तरतुदीचा अर्थ होत होता. याच मानकांत खंडित पुरवठ्याचे निर्देशांक काढण्याची पद्धत दिलेली होती. ग्राहकामागे वर्षात किती वेळा आणि किती मिनिटे वीज गेली, हे ते निर्देशांक सांगतात. मात्र ज्या वाहिन्यांवर प्रामुख्याने शेतीचा भार आहे, त्या या गणनेतून वगळण्यात आल्या. शेतवस्त्या आणि काही तांडे यांना याच वाहिन्यांवरून वीज मिळते, शेतातले काही टॉवरही त्यांवरच असतात, म्हणजे जिथे फोनची गरज सर्वाधिक, तेथील अंधार मोजमापातच आला नाही. ग्राहक हक्कांच्या २०२० च्या केंद्रीय नियमांनी सर्वांना चोवीस तास वीज देण्याचे तत्त्व मांडले, परंतु शेतीसारख्या वर्गासाठी कमी तास ठरवण्याची मुभा आयोगांना ठेवली.

वीज आणि फोन यांचे परस्परावलंबन दुसऱ्या बाजूनेही तितकेच खरे आहे, आणि ते लाइनमनच्या कामात दिसते. तारेवर चढण्यापूर्वी त्याला उपकेंद्रातून ‘परमिट’ घ्यावे लागते; ऑपरेटर वाहिनी बंद करून तशी नोंद करतो, आणि काम संपल्याचे लाइनमनने कळवल्याशिवाय ती पुन्हा चालू करत नाही. ही देवाणघेवाण फोनवर होते. टॉवर बंद असेल तर परमिट मिळत नाही, परमिट नाही म्हणून वीज येत नाही, आणि वीज नाही म्हणून टॉवर बंदच राहतो. उच्चदाबाच्या मोठ्या उपकेंद्रांसाठी वीज मंडळांनी तारांवरूनच संदेश नेणारी स्वतःची यंत्रणा उभारली होती. गावपातळीवरच्या माणसाच्या हाती मात्र तसे स्वतंत्र साधन आले नाही, जरी खांबावर चढणारा जीव त्याचाच असला तरी. तीन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी ग्राम विद्युत व्यवस्थापकाची योजना आली, ती स्वागतार्ह होती. फुलसावंगीसारखी मोठी गावे तिच्या मर्यादेबाहेर राहिली.

शेतीला दिवसा वीज देण्यासाठी २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना राबवली जात आहे आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. ती पूर्णत्वास गेली तर रात्रीच्या ओलिताची सक्ती संपेल, आणि संकटकालीन सेवेवरचा मोठा भार त्यामुळे आपोआप हलका होईल. पण तोवर थांबण्याचे कारण नाही. ज्या वाहिनीवर आरोग्य केंद्र, मोबाइल टॉवर किंवा शेतवस्ती आहे, ती शेतीची असली तरी तिच्या खंडिततेची नोंद आयोगाने निर्देशांकात धरावी. टॉवर किती तास बंद होता, हे दूरसंचार कंपन्यांनी गावनिहाय जाहीर करावे. आणि पावसाळ्यापूर्वी हे दोन्ही आकडे ग्रामसभेपुढे एकत्र मांडले जावेत. महागाव तालुक्यातील ग्रामपंचायतींनी ही मागणी ठरावाच्या रूपाने आयोगाकडे आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे पाठवावी.